आगोटीपूर्वीं होडीच्या यंत्राची निगा

शेतीच्या अवजारांसंबंधीं आपल्या लोकांत एक जुनी व चांगली चाल आहे. लावणी आटोपली म्हणजे नांगर धुऊन, त्याचा फाळ पुसून, त्यास थोडें तेल लावून तो आडोशास ठेवावयाचा. कापणी संपली म्हणजे विळे घांसून पडवीच्या आढ्यास खोंवून ठेवावयाचे. बैलास तर कामाच्या दिवसांपेक्षां विसाव्याच्या दिवसांत अधिक जपतात. परंतु ज्या यंत्रानें अलीकडे बैलांचें व वल्ह्यांचें काम हातीं घेतलें आहे, त्या यंत्राच्या वांट्यास हा सत्कार क्वचितच येतो. हंगाम संपतांच तें आहे त्या स्थितींत कोपऱ्यांत लोटलें जातें, आणि पुढील हंगामाच्या पहिल्याच दिवशीं तें हटून बसलें म्हणजे आपण नशिबास किंवा कारखानदारास दोष देतों. खरें पाहतां दोष त्या दोघांचाही नसतो. यंत्र चालण्यानें जितकें झिजतें, त्याहून अधिक तें खारट व ओलसर स्थितींत निजून राहिल्यानें नासतें, हें तत्त्व आमच्या मनांत अद्याप नीट बिंबलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तलासरी तालुक्यांतील झरी हें गांव गुजरातच्या सीमेलगतचें असून तेथून झाईचा किनारा फार दूर नाहीं. ह्या पट्ट्यांत भातशेती, गवत, वाडी आणि मासेमारी हीं एकमेकांस लागूनच चालतात. एका भावानें भाताची लावणी करावी व दुसऱ्यानें होडीवर जावें, अशीं कुटुंबें किनाऱ्यालगतच्या गांवांत नवीं नाहींत. लहान होडीच्या पिछाडीस लावावयाचें व हवें तेव्हां उचलून घरीं नेतां येईल असें जें आउटबोर्ड यंत्र, तें अशा कुटुंबास फार सोयीचें पडतें. तें चांगल्या बैलजोडीच्या तोडीचें धन होय, आणि पुष्कळदां तें कर्ज काढून घेतलेलें असतें. म्हणून शेतकऱ्यांच्या मासिकांत होडीच्या यंत्राची चर्चा कशास, असें कोणी विचारूं नये. शिवाय ओहळावरून किंवा विहिरीवरून पाणी उपसणारें लहान इंजिन हें त्याच जातीचें असल्यानें, पुढील बहुतेक सूचना त्यासही लागू पडतात.

आमचा हिवाळा तो पावसाळा

नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत मिलवॉकी येथें स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड नांवाच्या कारागिरानें १९०९ सालीं आपलें आउटबोर्ड यंत्र विकावयास काढलें, आणि तेव्हांपासून ह्या यंत्राचा प्रसार झपाट्यानें झाला. त्या थंड मुलखांत हिवाळ्यांत सरोवरें गोठतात व होड्या चार-पांच महिने बंद पडतात. पाणी गोठलें म्हणजे सुमारें एकादशांशानें फुगतें. म्हणून यंत्राच्या पोटांत राहिलेलें घोटभर पाणीही त्याचें कवच फोडूं शकतें. ह्या भीतीनें तिकडील लोकांनीं यंत्र हिवाळ्यापूर्वीं तयार करून ठेवण्याची एक पद्धतशीर रीत बसविली, आणि यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत तिचें प्रकरण हमखास असतें.

आमच्याकडील मनुष्य तें प्रकरण पाहतो आणि, ‘आपल्याकडे कोठें बर्फ पडतें?’ असें म्हणून पान उलटतो. येथेंच चूक होते. बर्फाची भीति आम्हांस नाहीं हें खरें. परंतु यंत्र बंद राहण्याचा काळ आम्हांसही आहे. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं दर्या खवळतो. आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ यान्वयें यंत्रचालित नौकांस पावसाळ्यांत मासेमारीची बंदी असते. अलीकडील वर्षांत हा बंदीचा काळ सामान्यतः १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतचा ठरविण्यांत आला आहे. पुढें नारळी पौर्णिमेपर्यंत हवेचा नेम पाहून थांबणारेही पुष्कळ आहेत. म्हणजे दोन-अडीच महिने यंत्र निजून राहतें, आणि तेंही वर्षांतील सर्वांत दमट अशा काळांत. थंड देशांतील हिवाळ्याची हवा निदान कोरडी तरी असते; आमच्या आषाढांत भिंतीवरही शेवाळ येतें. तेव्हां पुस्तिकेंतील ‘हिवाळा’ ह्या शब्दाच्या जागीं ‘पावसाळा’ हा शब्द वाचावा, म्हणजे तें प्रकरण आमच्यासाठींच लिहिलें आहे असें दिसून येईल. आगोटीसाठीं घरांत सुकी मासळी, मसाला व सरपण भरून ठेवतात, होड्या वर ओढून शाकारतात. त्याच कामांच्या यादींत यंत्राच्या निगेचा एक अर्धा दिवस घालावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

यंत्राचे तीन वैरी

निगा कशी करावी हें सांगण्यापूर्वीं ती कोणाविरुद्ध करावयाची, हें समजून घेणें बरें. कारण समजल्यावांचून केलेली कृति फार दिवस टिकत नाहीं.

पहिला वैरी मीठ. आउटबोर्ड यंत्र थंड राहावें म्हणून तें समुद्राचेंच पाणी आंत ओढून सिलिंडराभोंवतीं फिरवितें व बाहेर टाकतें. यंत्र थांबल्यावर आंतील अरुंद वाटांत जो ओलावा राहतो, तो वाळून मिठाचे कण भिंतीस चिकटतात. मीठ हवेंतील दमटपणा शोषून घेतें हें पावसाळ्यांत पाझरणाऱ्या मिठाच्या बरणीवरून प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तीच गोष्ट यंत्राच्या पोटांत घडते. ओलें मीठ अॅल्युमिनियमच्या भिंती कुरतडतें, त्यांवर पांढरी पूड चढते, वाटा बुजत जातात, आणि पुढें भर समुद्रांत यंत्र तापून बंद पडतें.

दुसरा वैरी हवेंतील ओल. सिलिंडराची आंतील बाजू, दट्ट्याचीं कडीं आणि टू-स्ट्रोक यंत्राचीं तळघरांतील बेअरिंगें हीं पोलादाचीं किंवा बिडाचीं असून तीं आरशासारखीं गुळगुळीत असावीं लागतात. चालू यंत्रांत त्यांवर तेलाचा पापुद्रा असतो. यंत्र बंद ठेवलें म्हणजे तो पापुद्रा निथळून जातो आणि उघडें पडलेलें लोखंड गंजूं लागतें. हा गंज बाहेरून दिसत नाहीं. श्रावणांत दोरी ओढतांना ती घट्ट लागली म्हणजेच त्याचा पत्ता लागतो.

तिसरा वैरी शिळें इंधन, आणि त्यासंबंधीं आज दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलें तर त्याचा हलका भाग उडून जातो व मागें डिंकासारखा चिकट थर राहतो. हा थर कार्ब्युरेटरांतील केसाएवढीं छिद्रें बंद करतो. ही गोष्ट जुनीच आहे. परंतु २०२३ सालापासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकावयास आरंभ झाला व २०२५ पर्यंत तें जवळजवळ सर्वत्र झालें. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदुळाची कणी अशा आमच्याच मालापासून बनतें, त्यामुळें शेतकऱ्यास त्याचें वावडें असण्याचें कारण नाहीं. मात्र त्याचा एक गुण ध्यानांत ठेवला पाहिजे. इथेनॉल पाण्यास ओढून घेतें. उघड्या टाकींत तें पावसाळी हवेंतील ओल हळूहळू पीत राहतें, आणि पाण्याचें प्रमाण एका मर्यादेपुढें गेलें म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात व तळाशीं बसतात. टाकींतून इंधन ओढणारी नळी तळाशींच असते. टू-स्ट्रोक यंत्राचें वंगण तर इंधनांतच मिसळलेलें असतें. तें तेल वरच्या पेट्रोलांत राहतें आणि तळच्या पाणीदार थरांत त्याचा अंशही नसतो. असा थर यंत्रांत गेला तर तें बहुधा सुरूच होत नाहीं. आणि झालेंच, तर वंगणावांचून चालून दट्ट्या धरून बसतो. शिवाय अशा मिश्रणानें जुन्या धर्तीच्या रबरी नळ्या फुगतात व कार्ब्युरेटरांतील धातूस कीड लागते. म्हणून पूर्वीं जे लोक टाकींत थोडें इंधन ठेवूनही निभावून नेत असत, त्यांनीं आतां ती संवय सोडावी हें बरें.

कोणती सामग्री लागते

सामग्री थोडी व गांवांत मिळण्याजोगी आहे. दोनशें लिटरचें वरचें तोंड कापलेलें एक पिंप, गोडें पाणी, प्लग काढण्याचा पाना, पेचकस, गिअरच्या तेलाची नळी, खाऱ्या पाण्यांत टिकणारें ग्रीस, थोडें टू-स्ट्रोक तेल, मऊ फडकीं, आणि एक लांकडी घोडा. ह्यांत नवें घ्यावें लागतें तें काय तें तेल, ग्रीस व दोन-चार वॉशर. काम उघड्या अंगणांत करावें. पडवींत किंवा कोठींत करूं नये, कारण चालत्या यंत्राचा धूर बंद जागेंत प्राणघातक होतो. जवळ चूल, विडी किंवा दिवा नसावा.

निगेचा क्रम

पहिली गोष्ट, आंतून धुणें. यंत्र पिंपाच्या कांठास पक्कें आवळून बसवावें. पंखा आधींच काढून ठेवावा, म्हणजे पाणी घुसळलें जाणार नाहीं व हातास इजा होणार नाहीं. पाणी आंत घेण्याचीं छिद्रें पूर्ण बुडून पंख्यावरील आडव्या पट्टीच्याही वर पाणी राहील इतकें पिंप भरावें. नंतर यंत्र सुरू करून गिअर न टाकतां मंद गतीनें सुमारें दहा मिनिटें चालूं द्यावें. मागील बाजूनें पाण्याची बारीक धार सतत येत आहे कीं नाहीं हें पाहत राहावें. धार आली नाहीं तर यंत्र तत्काळ बंद करून छिद्र तारेनें मोकळें करावें. पाण्यावांचून यंत्र क्षणभरही चालवूं नये. पाणी ओढणारें रबरी चाक कोरडें फिरलें कीं थोड्याच वेळांत जळून जातें. पिंपांतील पाणी खारट लागूं लागलें तर तें बदलून पुन्हां एकदां धुवावें.

दुसरी गोष्ट, इंधन संपविणें व आंत तेल घालणें. धुणें पुरें होत आलें म्हणजे इंधनाची नळी काढून घ्यावी व कार्ब्युरेटरांत राहिलेलें इंधन जळून यंत्र आपोआप बंद पडूं द्यावें. बंद पडावयाच्या बेतांत, हवा घेण्याच्या तोंडांतून साठवणीचें फवाऱ्याचें तेल मिळत असल्यास तें फवारावें. धूर दाट झाला म्हणजे तेल आंत पोंचलें असें समजावें. तदनंतर कार्ब्युरेटराच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढून घ्यावे. जीं यंत्रें पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवितात, त्यांचा खटका बंद करण्यापूर्वीं कांहीं मिनिटें पुन्हां पेट्रोलकडे वळवावा, म्हणजे कार्ब्युरेटरांत रॉकेल उरणार नाहीं. नव्या धर्तीचीं, कार्ब्युरेटर नसलेलीं व इंधन फवारून देणारीं फोर-स्ट्रोक यंत्रें मात्र अशीं कोरडीं चालवूं नयेत. त्यांच्या बाबतींत पुस्तिकेंत दिलें असेल तेंच करावें.

तिसरी गोष्ट, सिलिंडराचें रक्षण. सुरक्षेची दोरी किंवा चावी काढून ठेवावी व प्लगच्या टोप्या यंत्राच्या धातूस टेकवून ठेवाव्या, म्हणजे ठिणगी पडणार नाहीं. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत लहान चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावें आणि सुरू करण्याची दोरी पांच-सहा वेळां सावकाश ओढावी. ह्यायोगें तेल सर्व भिंतींवर पसरतें. प्लग साफ करून, त्यांच्या आट्यांस किंचित् ग्रीस लावून, हातानें परत बसवावे. फोर-स्ट्रोक यंत्राचें तळचें तेलही ह्याच वेळीं बदलावें. वापरलेल्या तेलांत जळणाची आंबट द्रव्यें उतरलेलीं असतात व तीं पावसाळाभर बेअरिंगांशीं राहणें इष्ट नाहीं.

चौथी गोष्ट, गिअरचें तेल. पंख्याजवळील कवचास खालीं एक व वर एक असे दोन स्क्रू असतात. खालचा आधीं व वरचा नंतर सोडून सर्व तेल एका थाळींत घ्यावें व तें निरखून पाहावें. ही तपासणी म्हणजे नाडीपरीक्षाच होय. तेल स्वच्छ असेल तर आंत सर्व कुशल आहे. तें ताकासारखें पांढुरकें असेल तर सीलांतून पाणी शिरलें आहे. तेव्हां सील बदलून घ्यावें. धातूचे कण चमकत असतील तर दांते झिजत आहेत. पुष्कळ लोक हें काम हंगामाच्या आरंभीं करतात. तें हंगामाच्या शेवटींच केलें पाहिजे. शिरलेलें पाणी पावसाळाभर आंत राहिलें तर बंदीच्या ह्या काळांतच दांत्यांस गंज चढतो, आणि मग तेल बदलूनही उपयोग होत नाहीं. नवें तेल खालच्या छिद्रांतून वर चढवावें. वरच्या छिद्रांतून तें बाहेर येऊं लागलें म्हणजे हवा निघून गेली असें समजून आधीं वरचा स्क्रू व मग खालचा स्क्रू बसवावा. वॉशर नवे घालावे.

पांचवी गोष्ट, पंखा व त्याचा दांडा. पंखा काढला असतां दांड्याच्या मुळाशीं जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला आढळणें ही किनाऱ्यावरची नित्याची गोष्ट आहे. हा दोरा सुरीसारखा सील कापतो व त्याच वाटेनें पाणी आंत शिरतें. तो संपूर्ण काढावा, दांड्यास ग्रीस लावावें, पंख्याच्या पात्यांचे खरचटलेले कांठ कानशीनें सारखे करावे, आणि पिन झिजली असल्यास नवी घ्यावी.

सहावी गोष्ट, बाहेरील अंग. सर्व यंत्र गोड्या पाण्यानें धुऊन कोरडें पुसावें. परंतु वरील टोपण काढून विजेच्या भागांवर पाण्याचा झोत मारूं नये. पाण्याखालीं राहणाऱ्या भागास जस्ताचा एक लहान ठोकळा बसविलेला असतो. त्याचें प्रयोजन पुष्कळांस ठाऊक नसतें. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकत्र आले म्हणजे त्यांतील एक दुसऱ्यापायीं झिजतो. यंत्राचें अंग झिजूं नये म्हणून जस्त आपण होऊन झिजतें. घराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा देतात तोही ह्याच कारणासाठीं. ठोकळा निम्म्याहून अधिक झिजला असेल तर बदलावा. त्यावर रंग देऊं नये. रंग दिलेला ठोकळा निरुपयोगी होतो. यानंतर होडीस आवळण्याचे पेच, वळविण्याचा सांधा व गति कमीजास्त करण्याच्या तारा ह्या सर्वांस ग्रीस किंवा तेल द्यावें.

सातवी गोष्ट, इंधनाची टाकी. ती रिकामी करून, कोरडी करून व तोंड घट्ट लावून ठेवावी. उरलेलें मिश्रण पावसाळाभर घरांत ठेवणें हें इंधनासही वाईट व घरासही धोक्याचें. शेवटच्या आठवड्यांत इंधन बेताचेंच घ्यावें, म्हणजे हा प्रश्न उरत नाहीं. ज्या यंत्रांस बॅटरी असेल, त्यांची बॅटरी सोडवून, पूर्ण भरून, लांकडी फळीवर ठेवावी व महिन्यांतून एकदां पुन्हां भरावी.

ठेवण्याची जागा

इतकी मेहनत करूनही जागा वाईट निवडली तर सर्व व्यर्थ जातें. यंत्र लांकडी घोड्यावर उभें टांगून ठेवावें. उभें ठेवल्यानें आंतील पाणी निथळून जातें. आडवें ठेवल्यावांचून गत्यंतर नसेल तर सर्व पाणी निथळल्यावर, पुस्तिकेंत सांगितलेल्या बाजूवर, वरचा भाग पंख्याच्या भागापेक्षां उंच राहील असें ठेवावें. नाहींतर उरलेलें पाणी उलट सिलिंडरांत शिरतें.

कारवीच्या कुडाचें घर असो वा पक्क्या भिंतीचें, जमिनीपासून हातभर उंच, चुलीपासून दूर, जेथें वारा खेळतो व पावसाची झड येत नाहीं असा कोपरा निवडावा. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळूं नये. त्याच्या आंत दंव सांठून यंत्र भिजतें. जुनें सुती लुगडें किंवा गोणपाट सैलसर टाकावें. शेतकऱ्याच्या घरीं एक विशेष दक्षता घेणें अवश्य आहे. खताचीं पोतीं याच सुमारास घरांत येऊन पडतात, आणि जागा सांपडेल तेथें यंत्र त्यांच्याच शेजारीं ठेवलें जातें. युरिया व इतर रासायनिक खतें ओल ओढून पाझरतात व त्यांचें पाणी धातूस खातें. तेव्हां खत एका टोंकास व यंत्र दुसऱ्या टोंकास असावें. मिठाच्या व सुक्या मासळीच्या भांड्यांविषयींही हेंच समजावें.

आणखी दोन लहान शत्रु आहेत. उंदीर विजेच्या तारा कुरतडतो. आणि कुंभारीण माशी पाण्याच्या व धुराच्या छिद्रांत मातीचें घरटें बांधते. छिद्रांत तेलाच्या फडक्याचे बोळे बसवावे, व ते किती आहेत हें चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी यंत्राच्या दोरीस बांधावी, म्हणजे काढतांना विसर पडणार नाहीं. त्याच चिठ्ठीवर निगा केल्याची तारीख, तेल बदललें कीं नाहीं व यंत्राचा क्रमांक लिहावा. क्रमांकाची एक नक्कल घरच्या कागदपत्रांत असावी. चोरी झाली तर तीच उपयोगी पडते.

पावसाळ्यांतील देखरेख

मध्यंतरीं फारसें काम नाहीं. पंधरा दिवसांनीं एकदां, उघडीप पाहून, कापड काढून यंत्रास वारा द्यावा व दोरी सावकाश ओढून दट्ट्या दोन-तीन वेळां फिरवावा. जागा एकच राहिली म्हणजे कडीं तेथेंच चिकटतात. जागा बदलत राहिली म्हणजे तेलाचा पापुद्रा ताजा राहतो. ह्या कामासाठीं यंत्र चालू करण्याची मुळींच जरूर नाहीं. क्षणभर चालवून बंद केल्यानें आंत उलट अधिक ओल जमते.

पाणी उपसण्याच्या इंजिनाविषयीं

ज्यांच्यापाशीं होडी नाहीं परंतु ओहळावर मिरची किंवा भाजीपाला करण्यासाठीं पेट्रोलचें अथवा रॉकेलचें लहान पंप-इंजिन आहे, त्यांचा बंद राहण्याचा काळ तर आणखी मोठा, म्हणजे मृगापासून दिवाळीपर्यंतचा असतो. त्यांस मीठ बाधत नाहीं. ओल व शिळें इंधन हे दोन वैरी मात्र तेच आहेत. टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणें, तेल बदलणें, प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल सोडणें, पंपाच्या कवचांतील गढूळ पाणी तळाचें बूच काढून सोडून देणें, व हवेची गाळणी धुऊन वाळविणें, एवढें केलें म्हणजे कार्तिकांत तें पहिल्या दोरीस बोलतें. पंपाच्या पोटांत गाळ वाळूं दिला तर आंतील चाक दगडासारखें धरून बसतें, हें ध्यानांत असावें.

पुन्हां दर्यावर जातांना

बंदी उठण्याच्या आठ दिवस आधीं यंत्र बाहेर काढावें. आदल्या रात्रीं काढूं नये. बिघाड निघालाच तर सुटा भाग आणावयास वेळ हवा. बोळे मोजून काढावे. प्लग काढून दोरी ओढावी, म्हणजे जादा तेल बाहेर पडेल. मग प्लग पुसून किंवा नवे घालून बसवावे. ताजें इंधन घ्यावें व तेल पुस्तिकेंतील प्रमाणानेंच मिसळावें. पुष्कळ टू-स्ट्रोक यंत्रांस पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर, असें प्रमाण असतें. पाणी ओढणाऱ्या रबरी चाकाचीं पातीं पावसाळाभर एकाच बाजूस वांकून राहिल्यानें तशींच राहतात. तीं ताठ नसतील तर चाक बदलावें. नंतर पिंपांत यंत्र चालवून पाण्याची धार पाहावी. पहिलीं कांहीं मिनिटें पांढरा धूर निघेल; तो आपण घातलेल्या तेलाचा असतो, त्यानें घाबरून जाऊं नये. शेवटीं पंखा बसवून, पिन दुमडून, यंत्र होडीस आवळावें आणि एक जाड दोर वेगळा बांधून ठेवावा.

ह्या सर्व खटाटोपाचें फळ काय, तें थोडक्यांत सांगतों. दोन महिने दर्या मोकळा राहिल्यानें मोसमाच्या आरंभीं मासळी चांगली असते व घरांतील गांठ सुटलेली असते. त्या दिवसांत यंत्र दुरुस्तीच्या दुकानांत पडून राहणें म्हणजे पेरणीच्या पावसांत बैल आजारी पडण्यासारखेंच होय. कर्जाचा हप्ता दुरुस्तीसाठीं थांबत नाहीं. परंतु पैशाहून मोठी अशी एक गोष्ट आहे. ऑगस्टांत वारा अद्याप शांत झालेला नसतो. खाडीच्या मुखाशीं भरती-ओहोटीचा जोर व लाटांची फूट एकत्र येते. तेथें यंत्र बंद पडलें तर लहान होडी आडवी होण्यास वेळ लागत नाहीं. गंजलेलें बेअरिंग व डिंकानें बुजलेलें छिद्र ह्या अंगणांत पाहतां क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी त्या जागीं तीन-चार माणसांच्या जिवावर बेततात.

सामाईक व्यवस्थेची आवश्यकता

एकेकट्यास पिंप, पाना व ग्रीसची पिचकारी घेणें जड जाईल हें आम्ही जाणतों. परंतु हीं साधनें वर्षांतून दोनच दिवस लागतात. मग प्रत्येकानें तीं कशास घ्यावीं? मच्छीमारांच्या व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीं पाड्यास एक पिंप व हत्यारांची एक पेटी ठेवावी, गिअरचें तेल व ग्रीस घाऊक दरानें आणावें, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एक दिवस सर्वांनीं मिळून यंत्रें धुवावीं. गांवांतील एखाद्या हुशार तरुणास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत हें काम शिकवून आणलें तर त्यासही घरबसल्या रोजगार होईल व यंत्र घेऊन दूर शहरांत खेटे घालण्याचा त्रास वांचेल.

झरी गांवास ह्या सामुदायिक प्रयत्नाची शिकवण बाहेरून देण्याची आवश्यकता नाहीं. २३ मे १९४५ रोजीं ह्याच गांवीं वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. गोदावरीबाई व शामराव परुळेकर ह्यांच्या पुढाकारानें तेथें वेठबिगार न करण्याचा निश्चय झाला, आणि तो एकट्यादुकट्यानें नव्हे तर सर्वांनीं मिळून पाळला म्हणूनच तडीस गेला. ज्यांच्या वडिलांस स्वतःच्या श्रमावरही स्वतःचा हक्क सांगतां येत नव्हता, त्यांच्या नातवंडांच्या घरीं आज स्वतःच्या मालकीचें यंत्र येऊं लागलें आहे. मालकी मिळविणें हें जितकें कठीण, तितकेंच तें धन राखणें हेंही महत्त्वाचें; कारण राखलें न गेलेलें यंत्र माणसास पुन्हां सावकाराच्या दारीं नेऊन उभें करतें. परिषदेची ती तारीख आगोटीच्या तोंडावरच येते. त्याच आठवड्यांत आमच्या वाचकांनीं अर्धा दिवस काढून आपापलीं यंत्रें धुवावीं, तेल घालून कोरड्या जागीं ठेवावीं, आणि मग निर्धास्तपणें भाताच्या रोपांकडे वळावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.